पागुमेची लेकरं

गिन्बोत ४

पोचलो बाई एकदाचे. अदिस अबाबा सोडल्यापासून एल्दानाचा एकच घोशा, हवासा आलं का, हवासा आलं का, आणि आलं तेव्हा पठ्ठी माझ्या मांडीवर घोरत होती. उठवली तर समोर सरोवर. काठावर ते टकले, पोक काढलेले मोठे पक्षी ओळीनं उभे. डोळे चोळत म्हणाली, आई, हे सगळे आजोबा कुणाची वाट बघतायत? म्हटलं, मासे साफ करणाऱ्या बायांची. तर त्यांना हात करून आली.

खोली छान आहे. अंगणात ॲव्होकाडोचं झाड, पलीकडे घरमालकीण एत्ये वुबित यांचं घर. बाई साठीच्या, म्हणून सगळ्यांच्या एत्ये, थोरली ताई; तोंड तिखट, हात सढळ. आम्ही बॅगा टेकवतोय तोवर त्यांनी कॉफी भाजायला घेतली. एल्दानाचे तीनदा मुके घेतले, जन्म कधीचा ते विचारलं. वर्षाच्या शेवटच्या महिन्यातली, पागुमेची तीन तारीख म्हटल्यावर टाळ्याच पिटल्या. रुफाएल देवदूताच्या दिवसाची! पावसात न्हाऊन आलेली पोर ही! मग मला डोळा घालून म्हणाल्या, पागुमेच्या पाच दिवसांचं भाडं मी घेत नाही, तेव्हा या पोरीचं राहणं फुकट, तुझं तेवढं वेळेवर दे.

एल्दानाचा बाप जिबूतीला ट्रक घेऊन गेला तो गेलाच. त्याच्यावर शाई घालवायची नाही असं ठरवूनच ही वही विकत घेतली आहे. आता आम्ही दोघी आणि नवी नोकरी. मला फार, फार बरं वाटतंय.

गिन्बोत ६

ऑफिस एका बेकरीच्या डोक्यावर आहे, त्यामुळे दिवसभर पावाचा वास आणि दिवसभर भूक. पहिल्या दिवशी एल्दानाला ठेवायला जागा नव्हती, घेऊनच गेले. मनात धाकधूक होती. पण आमचे साहेब गेब्रेयेस, थोरल्या माणसाला म्हणावं तसं त्यांना सगळे गाशे म्हणतात, त्यांनी तिला खांद्यावर घेऊन सगळं ऑफिस फिरवलं आणि प्रत्येकाला सांगितलं, ह्या आपल्या नव्या मॅनेजरबाई, उठून उभे राहा. शेजारच्या टेबलावरच्या तामरातनं तिला मांजर काढून दिलं. मांजर कसलं, बटाट्याला मिशा. एल्दानानं तोंडावर सांगितलं. तामरात म्हणाला, आईवर गेलीय, जीभ बघा.

काम असं आहे. दक्षिणेकडच्या सगळ्या दवाखान्यांत पाच वर्षांखालची लेकरं वजनाला आणि लशीला येतात. प्रत्येक भेटीची एक ओळ आमच्या डेटाबेसमध्ये पडते: नाव, आई, जन्म, वजन, काय टोचलं. त्यावरून आम्ही रिपोर्ट काढतो, आणि त्या रिपोर्टवरून ठरतं की लस कुठे जाईल, पौष्टिक पीठ कुठे जाईल, आरोग्यसेविका कुणाचं दार वाजवेल. एल्दानाचीही बदली केली इथल्या दवाखान्यात. म्हणजे माझी पोरगीही आता माझ्याच हाताखालून जाणार.

गिन्बोत १४

डेटाबेस म्हणजे गोगलगाय. एक रिपोर्ट मागितला की लोक कॉफी प्यायला उठतात, कॉफी पिऊन येतात, तरी ते चाक फिरतंच आहे. कारण काही मोठं नाही. ओळी ज्या दिवशी आल्या त्या क्रमानं रचल्यात. मसाल्याच्या दुकानात पोती आली तशी एकावर एक टाकावीत आणि गिऱ्हाइकानं मिरची मागितली की सगळी पोती सोडावीत, तसला प्रकार.

इथे विचारणारा नेहमी वयावरून विचारतो. तीर महिन्यात जन्मलेल्यांना गोवराची लस टोचायची आहे, अशी लेकरं किती? मग ओळी जन्माच्या महिन्याप्रमाणे रचायला नकोत का? महिन्याचा एक कप्पा. कप्प्यावर आत काय आहे त्याची नोंद. मशीन नोंद बघेल, हवा तो कप्पा उघडेल, बाकीच्यांना हातही लावणार नाही. लोकांना वाटतं वेग म्हणजे भराभर वाचणं. छे! वेग म्हणजे काय वाचायचं नाही ते ठाऊक असणं.

तामरात म्हणाला, आमची कॉफी बंद केलीस तर शाप लागेल तुला.

गिन्बोत २५

पागुमेपाशी अडले. बारा महिने तीस तीस दिवसांचे, त्यांचे कप्पे कसे सारख्या आकाराचे, मशीनला आवडतात तसे. आणि तेरावा हा पागुमे, पाच दिवसांचा, शेपटीला लोंबणारा. त्याचे दरवर्षीचे चिमुकले कप्पे केले की मशीन पायात पाय येऊन अडखळतं.

गाशेंना विचारलं. ते हसत सुटले. म्हणाले, अगं, पागुमेचा पगार मी कुणाला देत नाही, घरमालक भाडं घेत नाही, आणि तू मशीनला त्याचं वाचायला लावणार? सगळ्या वर्षांचं पागुमे एका कप्प्यात कोंब आणि ठेव मागे. अदिसहून वरच्या ऑफिसचे पाहुणे येतायत, त्यांच्यासमोर मशीन पळालं पाहिजे.

तसंच केलं. कप्प्याचं नाव ठेवलं 'उरलेलं', आणि सध्या तो न वाचण्याची आज्ञा दिली. पाहुणे गेले की जोडून टाकते. माझ्याच पोरीचा महिना आहे, मी विसरणार आहे का?

सेने ३

काय दिवस होता! पाहुण्यांनी रिपोर्ट मागितला, आणि त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवेपर्यंत रिपोर्ट पडद्यावर. परत मागितला. परत तसाच. एकजण म्हणाला, आधीच तयार करून ठेवला होता काय? तामरातनं त्याला कप दाखवला, म्हणाला, साहेब, बघा, कॉफी अजून ओतलीही नाही. खालून आख्खी मोठी भाकरी आली, ती माझ्या हातानं कापवली.

आणि आकडेही सुधारले म्हणे. वजन कमी असलेली लेकरं एकदम घटली. पाहुणे खूश, गाशेंचे हात आभाळाला. तामरात म्हणाला, बाई, नुसतं मांडून पोरं लठ्ठ केलीस तू.

मला मात्र घास लागला. पागुमे म्हणजे पावसाळ्याचा शेवट, कणग्या रिकाम्या, आया उपाशी. तेव्हा जन्मलेली पोरं अशक्तच असतात. ती मोजणीतून गेली, म्हणून आकडा सुधारला. गाशेंच्या कानावर घातलं. म्हणाले, आज भाकरी खा गं, उद्याचं उद्या.

सेने १९

एल्दानाला वजनाला नेलं. सिस्टर झेनेबेच, दवाखान्यातल्या, फार गोड बाई. त्यांनी नाव टाकलं, परत टाकलं, म्हणाल्या, अशी कुणी मुलगी दिसत नाही. मी हसले. म्हटलं, सिस्टर, चांभाराच्या पोराच्या पायात वहाण नाही म्हणतात ना, त्यातली गत. माझीच करामत आहे, दोन दिवसांत दिसेल. त्या पण हसल्या.

पण वजन करायचं राहिलं. एल्दाना बूट काढून काट्यावर उभी, आणि सिस्टरनी तिच्या डोक्यावरून हात करून मागच्या बाईला म्हटलं, या, काटा रिकामा आहे.

गडबडीत असतील. परत बोलवायला मलाच लाज वाटली.

सेने २२

आज गाशेंकडे हट्टच धरला, मला तो कप्पा जोडू द्या. नाही म्हणाले. अदिसनं आकडे पुढे पाठवलेत, शेजारच्या दोन प्रांतांना आपली मांडणी हवी आहे, अशा वेळी आकडे परत बिघडवायचे? आधीच हा पावसाळा, बाजारात पीठ नाही, त्यात तू पागुमे आण. दुष्काळात तेरावा महिना नुसता! म्हणाले, नव्या वर्षात बघू.

आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा हसले. जीभ झडो माझी.

हामले ५

एत्ये वुबित यांनी कॉफी केली, लाह्या वाटल्या. मला, स्वतःला, शेजारणीला. एल्दाना वाटी पुढे करून उभी. वाटी तशीच. म्हटलं, एत्ये, पोरीला? त्यांनी इकडे तिकडे बघितलं, म्हणाल्या, कुठली पोर?

मी म्हटलं, थट्टा पुरे. मग त्यांची नजर वळली, जड काही सरकवावं तशी हळूहळू, आणि तिच्यावर टेकली. अगोबाई, ही! कधी आलीस गं? वाटी भरून दिली. पण नंतर बराच वेळ त्या आपल्या कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

बालवाडीतही हजेरीत नाव घेत नाहीत असं एल्दाना सांगते. मी ओरडते हजर म्हणून, पण बाई पुढे जातात, म्हणाली. बजाजवाला मी चढले की रिक्षा सोडतो, तिचा एक पाय जमिनीवर असताना. दोनदा झालं.

मी भुताखेतावर विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हे. पण आज मला भीती वाटली.

हामले १२

बेकरीसमोरच्या भिंतीशी बाया उभ्या असतात. भर दुपारी, छत्र्या घेऊन. कुणाच्या पाठीला लेकरू, कुणाच्या बोटाला. आत येत नाहीत, भांडत नाहीत. गेल्या आठवड्यात चारपाच होत्या, आज भिंत भरली आहे. खाली जाऊन एकीला विचारलं. बोन्सा भागातून आलेली, पाठीला शिंपल्या लावलेली चामड्याची झोळी. म्हणाली, दवाखान्यात म्हणतात तुझं मूल यादीत नाही. पीठ बंद झालं. आता सासू म्हणते, कुठलं मूल? नवरा म्हणतो, कुठलं मूल? ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही बघून सांगा, आहे ना?

मी झोळीत बघितलं. होतं. गोरटेलं, नाकाला शेंबूड, झोपलेलं. म्हटलं, आहे गं माय, आहे.

कधी जन्मलं, ते विचारायची हिंमत झाली नाही. विचारायची गरजही नव्हती.

हामले २६

मार्ग सापडला! आज गाशे बाहेर होते. मी तो 'उरलेलं' कप्पा वाचायला लावला. कशाचीच रचना नाही आत, मशीन रडतरखडत एकेक ओळ वाचत गेलं. आणि आली. एल्दाना. आई फ्रेहिवोत. जन्म पागुमे ३. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात फोन वाजला. एत्ये वुबित! बालवाडीतून तुझी पोरगी घरी आलीय, भुकेजलीय, शिरोचं पिठलं करून घालू का? किती वाळलीय गं, तुझं लक्ष कुठे असतं? शिव्या घालत होत्या आणि मी आनंदानं रडत होते.

खिडकीतून बघितलं तर भिंतीपाशी गलका. पाववाला बाहेर येऊन लेकरांना पाव वाटत होता, आणि एवढी पोरं कुठून आली म्हणून स्वतःशीच बडबडत होता.

म्हणजे वाचलं की असतात. वाचेनच मग मी. रोज वाचेन.

नेहासे २

रोज वाचते. सकाळी ऑफिसात आले की आधी तो कप्पा. ओळी वर सरकत जातात, आणि खाली भिंतीपाशी रडणं, हसणं, आयांचे आवाज. थांबले की अर्ध्या दिवसात परत विरतं. मग परत वाचते. दुसरं काम होत नाही. तामरात विचारतो, काय एवढं बघतेस, पडदा तर कोरा आहे. मी त्याला बोटानं ओळी दाखवते. तो माझ्याकडे बघतो, पडद्याकडे बघत नाही.

नेहासे ८

गाशेंनी माझी वाचायची परवानगी काढून घेतली. माझ्या वाचण्यानं सगळे रिपोर्ट मंदावले, अदिसहून तक्रार आली म्हणून. मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, गाशे, माझी मुलगी आहे त्यात! ते दुखावले नाहीत की चिडले नाहीत. खुर्ची ओढून जवळ बसले आणि फार मायेनं विचारलं, तुला मुलगी आहे? तू कधी बोलली नाहीस गं.

खांद्यावर घेतली होती या माणसानं. खांद्यावर!

म्हणाले, सुट्टी घे. आणि तो कप्पा उगाच जागा खातोय, सर्व्हरची जागा भाड्याची. वर्ष संपताना पुसून टाकू.

नेहासे १०

दवाखान्यात गेले. म्हटलं, जन्मतारीख बदला. नेहासे लिहा, मेस्केरेम लिहा, काहीही लिहा, पण बारातलं लिहा. सिस्टर झेनेबेच म्हणाल्या, हो, लिहू की, मुलीला घेऊन या. म्हटलं, ही काय. त्या म्हणाल्या, हो, पण मुलीला घेऊन या.

एल्दानाचा हात त्यांच्या हातात दिला. त्यांनी हात पुसून टाकला, ओलं काही लागावं तसा, आणि गोड हसल्या. घेऊन या हं.

मी त्या बाईला बोलू नये ते बोलले. माणसांनी मला धरून बाहेर काढलं. एल्दानाला कुणी धरलं नाही.

नेहासे १३

बुहेचा सण. गल्लीतली मुलं काठ्या आपटत गात दारोदार. एल्दाना हट्टानं त्यांच्या मागे गेली. तिला सगळी गाणी येतात, सगळ्यांत मोठ्यानं गात होती. दार उघडायचं, बाई एकेकाच्या हातात पाव ठेवायची, तिच्यापाशी यायची आणि पुढच्याला द्यायची. सात घरं. सात घरं माझी पोर हात पसरून उभी राहिली.

आली आणि म्हणाली, आई, मी वाईट गाते का?

देवा, तुझं काही भलं होणार नाही. आणि माझंही.

नेहासे २१

 आज ऑफिसातून निघाले, भाजी घेतली, घरी आले, कांदा चिरला, एकटीपुरतं शिरो टाकलं, जेवले. ताट विसळताना दुसरं छोटं ताट दिसलं. हे कुणाचं, म्हणून उलटंसुलटं करून बघितलं.

मी. मी बघितलं उलटंसुलटं करून.

बालवाडीच्या फाटकाशी पायरीवर बसली होती. फाटकाला कुलूप. मला बघून धावली नाही. म्हणाली, तुला दिसते ना मी?

नेहासे २४

तिला नजरेआड करत नाही. बालवाडी बंद. माझ्या नेतेल्याचं, खांद्यावरच्या पातळ शालीचं टोक तिच्या मनगटाला बांधलंय, ओढ लागली की कळतं, आहे. स्वतःशी नाव घेत राहते. एल्दाना एल्दाना एल्दाना. लोक बघतात. बघू देत.

बोन्साची ती बाई भिंतीशी आहे अजून. झोळी थोपटत होती. मी वाकून बघितलं. झोळी— रिकामी होती, का मला—

तिनं विचारलं, ताई, आहे ना? मी म्हटलं, आहे.

खोटं बोलले का? मला माहीत नाही. मला माहीत नाही!

नेहासे २८

भिंतीशी आज दोनच बाया. बाकीच्या घरी गेल्या. कशासाठी आलो होतो ते आठवेना म्हणे. एकमेकींना निरोप देत, हसत गेल्या. पोरं मात्र— मी कान देऊन ऐकलं. भिंतीशी कुणीच नाही, आणि तिथे कितीतरी जण नाक ओढतायत.

पागुमे १

तामरातच्या पाया पडले. म्हटलं, तुझ्या परवानगीनं एकदा वाच, एकदाच. तो चांगला आहे. वाचायला बसला. म्हणाला, काही नाही गं यात, रिकामं आहे. म्हटलं, नीट वाच, एल्दाना. तो म्हणाला, कोण?

मांजर काढलं होतंस रे तू—

घरी— गाठ तपासली. ओढ आहे. हलकी. दोरा ओढावा एवढी.

पागुमे २

नजर ठरत नाही तिच्यावर. तिच्याकडे बघायला जाते आणि खिडकीकडे बघते. मीच शिकवलं मशीनला— नको ते सोड, पुढे जा— तेच आता माझे डोळे—

ती बोलते. आवाज येतो. शब्द लागत नाहीत.

हात धरून ठेव. हात धरून—

पागुमे ३

रुफाएल. पाऊस आला, गल्लीतली सगळी पोरं उघडी होऊन पावसात. एत्ये वुबित यांनी पातेली भरून ठेवली. मीही अंगणात उभी राहिले, एक हात असा खाली धरून. बराच वेळ. त्या म्हणाल्या, अगं, काय धरलंयस?

बघितलं. काही नाही.

आज कुणाचा तरी वाढदिवस आहे. कुणाचा? जिभेवर आहे—

पागुमे ४

नेतेल्याला ही घट्ट गाठ कसली? नखं तुटली सोडवताना. टोक ओलं झालं होतं, चघळल्यासारखं.

वही चाळली. एक नाव जागोजाग आहे. वाचायला गेले की नजर घसरते, खालच्या ओळीवर जाते. गोष्ट लिहायला घेतली होती बहुतेक. वाईट आहे गोष्ट. डोकं दुखतं—

पागुमे ५

वर्षाचा शेवटचा दिवस. झोप छान झाली, हलकं हलकं वाटतंय. ही खोली एकटीला मोठी पडते, नव्या वर्षात लहान बघावी. एत्येंशी बोलेन.

ऑफिसात सगळे जायच्या घाईत. एकच काम उरलंय, तो मागचा कप्पा. तामरात म्हणतो, पुसू का, तू बांधलास, तुझा होकार लागतो. बघितलं, कुणी वाचत नाही, नुसती जागा खातोय. तरी म्हटलं, थांब जरा. का थांबवलं कुणास ठाऊक. वही काढून बसले.

कुणाचं तरी पोर रडतंय. खाली बेकरीत असेल. नाही, जवळ आहे. टेबलाखालून आल्यासारखं— स्कर्ट खुर्चीत अडकलाय वाटतं, ओढला जातोय— किती रडतंय, उचलत का नाही कुणी— कसली आई म्हणायची ही—

तामरात म्हणतोय, बोल ना बाई, बस जाईल माझी.

म्हटलं, पूस.

आई, आई करून ओरडतंय आता— अगं, जिचं असेल तिनं तरी— गुडघ्याला काहीतरी गरम, घट्ट— आणि आता एकदम—